काश्यप गोत्राचा कॅप्टन

त्या रविवारी सांगलीची एस.टी. साताऱ्याच्या स्टँडात वळली तेव्हा आबा नेहमीच्या जागी, फलाटाच्या खांबाला पाठ लावून उभे होते. गाडी थांबायच्या आतच ते एकेका खिडकीत डोकावत पुढे सरकू लागले. संयोगिता खाली उतरून पदर सावरते न सावरते तोच त्यांनी विचारलं,

"आनलंस न्हवं?"

कशी आहेस नाही, जेवलीस का नाही, गाडीत जागा मिळाली का, तेही नाही.

"आणलंय," ती म्हणाली आणि खांद्यावरची पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. आबांनी ती तिच्याकडून काढून घेतली. म्हातारपणी लेकीचं ओझं वाहणारा बाप बघून शेजारची एक बाई कौतुकाने हसली. तिला काय ठाऊक, ते ओझं लेकीचं नव्हतंच. पिशवीत अमेरिकन विनाशिकांच्या, म्हणजे छोट्या लढाऊ जहाजांच्या, इतिहासाचं एक जाडजूड पुस्तक होतं आणि त्या पुस्तकात आबांचा कॅप्टन होता.

आबा म्हणजे ज्ञानदेव. मूळचे वडूजकडचे, महायुद्धात शिपाई आणि त्यानंतर निवृत्त होईपर्यंत एस.टी.च्या वर्कशॉपात स्टोअर सांभाळलेले. त्यामुळे स्टँडवर त्यांना ओळखत नाही असा माणूस सापडणं कठीण. फाटकापाशी एका कंडक्टरने हटकलंच.

"काय आबा, संपली का न्हाई कॅप्टनची लढाई?"

"संपतीया कशाची! आजून जपान हुबा हाय की म्होरं."

"मग लेकीला हितंच ठिवून घ्या की. दर आयतवारी आमची एक शीट अडतीया."

सगळे हसले. संयोगिताही हसली. सांगलीच्या एका कॉलेजात ती इंग्रजी शिकवत होती, पंचेचाळिशी ओलांडली होती, तिची स्वतःची मुलगी आठवीत होती. तरीही रिक्षात बसताना तिच्या मनात एकच गोष्ट कुसळासारखी टोचत होती. हा माणूस स्टँडवर येतो तो माझ्यासाठी, की त्याच्यासाठी?

गोडोलीच्या घरी दारातच आई उभी होती. हरणाबाईंची जीभ वयाबरोबर जास्तच धारदार झाली होती.

"आली का कॅप्टनची कारकून? आदी चार घास खा, मग लढा."

जेवणं झाली. मागच्या पडवीत चटई पडली. शेजारचे दादासो, निवृत्त सुभेदार आणि आबांचे जन्माचे सोबती, सुपारी कातरत येऊन बसले. संयोगिताने पुस्तक उघडलं तसे आबा ताठ झाले, डोक्यावरची टोपी त्यांनी नीट केली. ती परिच्छेद मनात वाचायची आणि मराठीत सांगायची. दादासो बहुतेक दुसऱ्या परिच्छेदाला पेंगायला लागत.

त्या दिवशी ओकिनावाच्या लढाईचं होतं. एप्रिल पंचेचाळीस. बेटापासून लांब, समुद्रात एकेकटी जहाजं पहाऱ्याला ठेवलेली. येणारी विमानं त्यांना आधी दिसावीत आणि मागच्या ताफ्याला खबर मिळावी म्हणून.

"म्हंजी माळ्यावर राखनीला बसवलेला गडी," आबा म्हणाले.

"हो, तसंच. फक्त इथं पाखरं परत जाणारी नव्हती. विमानासकट अंगावर येऊन पडायचं, असं ठरवूनच ती निघालेली. तुमच्या कॅप्टनच्या, कमांडर वॉरिंगच्या जहाजावर सकाळी एक पडलं. मागच्या तोफेवर. ते विझवतायत तोवर दुसरं..."

"आता इंजनाच्या खोलीत लागतंय बग," दादासो डोळे मिटल्या मिटल्या म्हणाले.

संयोगिता थांबली. पुढच्या ओळीत तेच होतं.

"तुमाला कसं ठावं, सुभेदार?" आबांनी जरा जोरातच विचारलं.

"आता... अंदाज. सुभेदार हाय का चेष्टा?"

"मग गप अंदाज करा. मोठ्यांदा करू नगा."

संयोगिता पुढे सांगत गेली. सुकाणू मोडलं. खाली दारूगोळ्याच्या कोठाराशेजारी आग. वॉरिंगने कोठारात समुद्राचं पाणी सोडायला लावलं. जहाज एका अंगावर कललं, पण फुटलं नाही. जहाज सोडायचा हुकूम द्यावा, असं हाताखालचे म्हणत होते. त्याने दिला नाही, कारण जखमींना पाण्यात उतरवता येणार नव्हतं. दोन इंजिनांपैकी एक चालू होतं. ते कधी पुढे, कधी मागे चालवत, लंगड्या बैलाची गाडी हाकावी तसं त्याने जहाज अंधार पडेतो ताफा नांगरून उभा होता तिथवर आणलं. त्यासाठी त्याला नेव्ही क्रॉस हे पदक मिळालं.

आबांनी मांडीवर हात मारला. "जखमी मानसं पान्यात कशी उतरायची! त्येला कळनारच. त्येनं पान्यातली मानसं बगितली हुती."

त्यांचा चेहरा उजळला होता. संयोगिताने तो पाहिला आणि पुस्तकात बोट घालून ते मिटलं. ती एम.ए.ला विद्यापीठात दुसरी आली तेव्हा हा चेहरा असा उजळला नव्हता. तेव्हा आबा म्हणाले होते, "बरं झालं." आणि पेढे घेऊन दादासोंकडे गेले होते ते दोन तास परतले नव्हते. नंतर कळलं, तिथे कोणी पाहुणा आला होता आणि आबा त्याला कॅप्टनची गोष्ट सांगत बसले होते.

ती गोष्ट संयोगिताला पाठ होती, पण तिला ती कोणी सांगितली नव्हती. लहानपणी घरी पुरुष माणसं आली की गोष्ट निघायची आणि तिला चहा टाकायला आत पाठवलं जायचं. दाराच्या चौकटीआड उभी राहून, हातात गाळणं धरून तिने ती ऐकली होती. चव्वेचाळीस सालचा उन्हाळा. मुंबईहून कोलंबोला निघालेलं मालवाहू जहाज, त्यात शिपाई, खेचरं आणि आट्याची पोती. पाणबुडीने ते फोडलं. ज्ञानूला पोहता येत नव्हतं. यायचं कुठून, वाडीच्या विहिरीत पोहण्याइतकं पाणी कधी साठलंच नव्हतं. मेलेल्या खेचराच्या फुगलेल्या पोटाला मिठी मारून तो दिवसभर तरंगला. सांजेला एक अमेरिकन लढाऊ जहाज दिसलं. पाणबुडी जवळपास असताना जहाज थांबवणं म्हणजे तिला आमंत्रण देणं. ते थांबलं. वर ओढून घेतल्यावर प्रत्येकाला कॉफी दिली. ज्ञानूचे हात इतके कापत होते की कॉफीचा मग धरवेना. तेव्हा जहाजाचा कॅप्टन स्वतः त्याच्यासमोर उकिडवा बसला, तो मग त्याच्या तोंडाला लावला, आपलं नाव सांगितलं आणि ज्ञानूचं विचारलं.

"नाव इचारलं," आबा इथे नेहमी थांबत. "नंबर न्हाई. नाव."

मग आवाज खाली जायचा. कोलंबोच्या इस्पितळात कोणी तरी सांगितलं, ते जहाज पुढच्याच फेरीत बुडालं, एक माणूस वाचला नाही. "गेला बिचारा. मला काडलं आन् सोता गेला."

लढाईवरून परत आल्यावर आबांनी पहिलं काम केलं ते हे, की पितृपक्षात घरच्या म्हाळाबरोबर कॅप्टनचंही पान वाढायला लागले. तिथी माहीत नाही, म्हणून सर्वपित्री अमावास्या धरली. भटजींनी गोत्र विचारलं. आबा म्हणाले, अमेरिका. भटजी जुने आणि समजूतदार होते. ज्याचं गोत्र ठाऊक नाही त्याचं काश्यप धरतात, म्हणाले. तेव्हापासून नेब्रास्का नावाच्या मुलखातल्या शेतकऱ्याचा मुलगा हॉलिस वॉरिंग दरसाल काश्यप गोत्राने साताऱ्यात जेवू लागला. गव्हाची खीर, वडे, गवारीची भाजी, कढी. आणि पानाशेजारी कॉफीचा मग. त्या घरात एरवी कॉफी येत नसे. त्या एका दिवसासाठी आबा बाजारातून लहानशी पुडी आणत. छपरावरच्या पानाला कावळा शिवला की कॉफीचा मग खाली येई आणि ती गार कॉफी आबा एकटे, भिंतीकडे तोंड करून पीत. सहा-सात वर्षांच्या संयोगिताने एकदा हात पुढे केला होता.

"तुजी न्हाई ती," आबा म्हणाले होते. रागावून नाही. साधंच.

तिने पुढे पुष्कळ वाचलं, इंग्रजीतलं, मराठीतलं, पानंच्या पानं. बापांबद्दल आणि लेकींबद्दल शहाण्या माणसांनी काय काय लिहून ठेवलं आहे ते तिला ठाऊक होतं. त्या तीन शब्दांवर कशाचाच उतारा पडला नाही. गावाकडच्या वाडीतल्या पोरींची सातवीनंतर लग्नं झाली आणि आबांनी तिला इंग्रजी घेऊन शिकवलं, याचं लोक कौतुक करत. तिला वाटे, कधी काळी कॅप्टनबद्दल काही छापून आलं तर वाचायला घरात कोणी तरी हवं, म्हणून शिकवलं असेल.

आणि पंच्याण्णव साली तसंच घडलं. कॉलेजच्या ग्रंथालयाला कोणा मयत प्राध्यापकाची पुस्तकं भेट आली होती. त्या ढिगात हे पुस्तक होतं. तिने सवयीने मागची सूची चाळली आणि ते नाव दिसलं. एक अख्खं प्रकरण होतं, फोटोसकट. तिने उभ्या उभ्या चार पानं वाचली आणि तिच्या लक्षात आलं की वॉरिंग मेलाच नव्हता. बुडालं ते दुसरंच जहाज. हा माणूस पुढे वर्षभर लढला, पदकं घेतली, अॅडमिरल होऊन निवृत्त झाला.

तिने आबांना पत्र लिहिलं नाही. शेजाऱ्यांकडे फोनही केला नाही. सर्वपित्रीची वाट पाहिली.

त्या दिवशी पंगत बसली होती. आबांची गोष्ट रंगात आली होती. "गेला बिचारा," ते म्हणाले, आणि दाराच्या चौकटीतून, लहानपणीच्याच जागेवरून, संयोगिता म्हणाली,

"गेला नव्हता, आबा. वाचला होता तो. एवढी वर्षं तुम्ही जिवंत माणसाचं म्हाळ घालताय."

वाढप्याच्या हातातला डाव थांबला. दादासोंना ठसका लागला. "ज्ञानू! आरं लेका, जित्या मानसाला कावळ्याकडनं जेवान धाडलंस व्हय रं!" आणि पंगतीत खसखस पिकली.

संयोगिता वडिलांकडे बघत होती. त्यांचा चेहरा पडावा एवढीच तिची इच्छा होती. तो एकदा पडलेला पाहिला असता तर कदाचित तिचं समाधान झालं असतं.

आबा खिरीने माखलेला हात तसाच धरून उठले. "खरं?" त्यांनी विचारलं. तिने फोटो दाखवला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला. मग त्यांचे डोळे भरून आले. "त्योच," ते म्हणाले. "जगला! आगं हरणे, जगला त्यो!"

"जगंल न्हाई तर काय करंल," आई आतून म्हणाली. "जित्याचं म्हाळ घातलं की आयुष्य वाडतं म्हनत्यात."

"म्हंजी मीच वाडवलं म्हना की!" आबा लहान मुलासारखे हसले आणि पंगत अर्धी टाकून, टोपी घालून, कंदी पेढे आणायला गेले. तिने फेकलेला दगड त्यांनी प्रसाद म्हणून झेलला. परत आल्यावर पहिला पेढा त्यांनी तिच्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "आजून काय लिव्हलंय त्यात? समदं सांग."

तिने फोटोच्या पानासकट प्रकरणाची झेरॉक्स काढून त्यांना दिली. त्यांना ती ट्रंकेत ठेवायची होती. आणि दर रविवारी पुस्तक घेऊन ती साताऱ्याला यायला लागली. रविवारी थोडंच सांगायचं. आबा थकतात, असं ती घरी म्हणे. कधी पाच पानं, कधी दोनच. सॉलोमन बेटांजवळची ती काळोखातली लढाई, ज्यात त्या जहाजाचा तेव्हाचा कप्तान मारला गेला आणि हाताखालच्या वॉरिंगने पुढचं जहाज दिसत नसताना केवळ तोफांच्या उजेडावर आपलं जहाज बाहेर काढलं, तिला तिने तीन रविवार लावले. फिलिपाईन्सला मोठ्या जपानी युद्धनौकांसमोर धुराचा पडदा ओढत हे छोटं जहाज पुढे मागे पळत राहिलं, ते दिवाळीनंतर आलं. ज्या दिवशी हिंदी महासागराची पानं आली त्या दिवशी आबांनी आईलाही बोलावून बसवलं. पुस्तकात एक वाक्य होतं. वाटेत एका मालवाहू जहाजावरचे काही हिंदी लोक उचलून घेतले.

"यवडंच?" आईने विचारलं.

"एवढंच. तुमचं नाव नाहीये, आबा."

"लिव्हलंय न्हवं पन," आबा म्हणाले. "ते वाक्य पुन्यांदा वाच. विंग्रजीत वाच."

तिने वाचलं. तिला त्या लेखकाचा राग आला, वॉरिंगचा आला, आणि एका वाक्यावर तृप्त होऊन बसलेल्या बापाचा सगळ्यात जास्त आला. माझं एक वाक्य असं पुन्हा म्हणायला लावलं असतंत, असं तिच्या ओठांवर आलं होतं. ते तिने गिळलं. असं गिळण्यात ती तरबेज होती.

तर त्या मार्चातल्या रविवारी ओकिनावा संपलं. दादासो उठून गेले. ऊन पडवीच्या पायरीवरून खाली उतरलं होतं. आबांनी विचारलं,

"त्येला पोरंबाळं?"

"एक मुलगी."

"भाग्याची पोरगी," आबा म्हणाले.

संयोगिताने पुस्तकाच्या पुठ्ठ्यावरची नसलेली धूळ पुसली.

"तिनं इचारलं आसंल न्हवं बापाला?" आबा म्हणाले. "कसं झालं, काय झालं, भ्या वाटलं का. पोरी इचारत्यात."

"मला काय माहीत. पुस्तकात नाही तसं."

"व्हय. पुस्तकात कसं आसंल." ते तिच्याकडे बघत होते. मग त्यांनी नजर काढून घेतली. "किती पानं राहिली आता?"

"एकच. वाचून टाकू का?"

"नगं," ते घाईने म्हणाले. "आज नगं. म्होरल्या आयतवारी."

एक पान! तेवढं वाचलं की त्यांचा कॅप्टन संपणार, म्हणून जपून ठेवतायत, तिला वाटलं. मिठाई राखून ठेवावी तसं. तिने पुस्तक पिशवीत कोंबलं आणि नेहमीच्या आधीची गाडी पकडते म्हणाली. आबा स्टँडवर सोडायला आले. ते कोणत्या बाजूला उभे राहणार ते तिला ठाऊक होतं. ती पलीकडच्या बाजूच्या खिडकीत बसली. गाडी हलली तेव्हा तिने मान वळवून पाहिलं. आबा वाकून, हाताचा आडोसा करून, एकेका काचेतून तिला शोधत होते.

बुधवारी सकाळी अंघोळ करून ते पायरीवर उन्हाला बसले ते बसल्याजागीच गेले. हाक मारायलाही वेळ लागला नाही, असं आई म्हणाली.

दहाव्याला सगळे संगम माहुलीला गेले. कृष्णेला पाणी थोडं होतं, घाटाच्या खालच्या पायऱ्या उघड्या पडल्या होत्या. पुण्याहून आलेला संयोगिताचा धाकटा भाऊ नानासो, गावाकडची भावकी, एस.टी.तली माणसं आणि बायका, सगळी पिंडापासून लांब सरकून उभी राहिली. देवळाच्या शिखरावर कावळे होते. त्यातला एक खाली उतरला, पायरीवरून दोन उड्या मारून पिंडाजवळ गेला, मान तिरकी करून त्याने पाहिलं, आणि उडून परत वर जाऊन बसला.

"काही इच्छा राहिली असेल," भटजी म्हणाले. "बोला कोणी तरी."

नानासो पुढे झाला. "आबा, आईला मी पुण्याला नेतो. न्हाई आली तर हितं बाई ठेवतो. तिची काळजी नका करू."

कावळा जागचा हलला नाही.

"गावाकडची जमीन ईकनार न्हाई, आबा."

"बांधाचा वाद मिटवतो, ज्ञानूतात्या," एक चुलतभाऊ अवघडून म्हणाला. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. कावळ्याने पंख चोचीने साफ केले.

उन्हाचा चटका वाढला. कुणीतरी हळूच म्हणालं, कॅप्टन. मग दोघं-तिघं म्हणाले. आरं, कॅप्टनचं बोला की! सगळ्यांचे चेहरे सुटल्यासारखे झाले, इतका वेळ हे कसं सुचलं नाही म्हणून. संयोगिता आईच्या शेजारी ओठ घट्ट मिटून उभी होती. तिला ते पहिल्यापासून सुचलं होतं. ती बोलली नव्हती. मेल्यावरही त्यालाच पुढं करायचं, आणि तेही मी?

नानासोने हात जोडले. "आबा, वारिंगसायेबाचं पान दर सर्वपित्रीला मी वाढीन. कॉफीसकट."

सगळ्यांनी वर पाहिलं. कावळा उडाला. पिंडावरून गेला, नदी ओलांडली आणि पलीकडच्या झाडात दिसेनासा झाला.

आणि त्या घाटावर, बापाच्या पिंडासमोर, संयोगिताला बरं वाटलं. पोटातून बरं वाटलं. म्हणजे ते नव्हतं. त्यांचं अडलं होतं ते कॅप्टनपाशी नव्हतं.

"आता काय करायचं ह्येला," दादासो कपाळाचा घाम पुसत तिच्याजवळ येऊन पुटपुटले. "पुस्तकाचं एक पान राहिलं म्हनावं, तर ते बी न्हाई. ते तर त्येला..." आणि त्यांनी जीभ चावली.

"ते तर काय, सुभेदारकाका?"

"काय न्हाई."

"सांगा."

दादासोंनी पिंडाकडे पाहिलं. "आता जिभंला डाग द्याला त्यो उटायचा न्हाई. तू ती झेराक्स दिलीस का, त्याच आठवड्यात आमी सदरबझारातल्या एका विंग्रजी जाननाऱ्या रिटायर मेजरसायेबाकडं गेलो. ज्ञानूला दम कुटला निगतोय! मेजरानं दोन दुपारीत समदं वाचून सांगितलं. पार शेवटच्या पानापतुर. त्यो निवर्तला कवा, पुरला कुटं, समदं."

"मग मी येत होते ते?" संयोगिताने विचारलं.

"मी म्हनलं, गड्या, झालं की ऐकून, आता पोरीला कशाला हेलपाटा? तर माज्यावरच खवाळला. म्हनला, बोलशील तर बग. पुस्तक संपलं की ती यायची न्हाई." दादासोंनी नाक शिंकरलं. "आन् मला बी दर आयतवारी बसवायचा. तिला वाटाया नगं म्हनला, मला एकट्यालाच हौस हाय. माजं तर दोनदा झालं बाय ते. झोप न्हाई यायची तर काय!"

इंजिनाच्या खोलीत लागतंय बघ. तिला ते आठवलं. मग बाकीचंही एकेक आठवत गेलं. 'पोरंबाळं?' हे विचारताना उत्तर त्यांना ठाऊक होतं. एक मुलगी आहे, हे ठाऊक होतं. पोरी विचारतात, असं म्हणून ते तिच्या तोंडाकडे बघत थांबले होते. आणि ती पुठ्ठा पुसत बसली होती.

वर शिखरावर दोन कावळे येऊन बसले. भटजी दर्भाचा कावळा करायला हवा म्हणून दर्भ निवडू लागले होते. "थांबा," ती म्हणाली.

लोक बाजूला झाले. ती तीन-चार पायऱ्या उतरून पिंडासमोर गेली. चौकटीआडची जागा सोडून, सगळ्या पुरुषांच्या देखत, अशी ती कधी उभी राहिली नव्हती. हात जोडावेत की नाही ते तिला कळेना. तिने ते पदरात धरून ठेवले.

"आबा," ती म्हणाली. कोणाला ऐकू गेलं नाही. तिने पुन्हा सुरुवात केली, वर्गात मागच्या बाकापर्यंत जावा तसा आवाज लावून.

"आबा, त्या वॉरिंगचं मला काही नव्हतं. पुस्तक संपलं असतं तरी मी आले असते. दर रविवारी आले असते. मला तुम्ही हवे होतात."